रंगमंचावरून लोखंडाच्या गावात : पितळी वाद्यांनी वाजवलेला ऑपेरा

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? छान.

मागच्या वेळी आपण नाटकातल्या गाण्याबद्दल बोलत होतो. तेव्हा शेवटी एका बाईंनी प्रश्न विचारला होता, आणि वेळ संपल्यामुळे तो राहून गेला. प्रश्न असा होता : नाटकातलं गाणं नाटकातून बाहेर काढलं, त्यातले शब्दही काढले, आणि नुसतं वाद्यावर वाजवलं, तर त्यात नाटक शिल्लक राहतं का? मी घरी जाताना रिक्षात त्यावर विचार करत होतो, आणि मला आठवली ती एक सीडी. आजचं सगळं व्याख्यान त्या एका सीडीभोवती आहे, असं समजा.

पण त्याआधी घरातली एक गोष्ट. माझी आजी आयुष्यात कधी थिएटरात गेली नाही. तिच्या पिढीत, तिच्या घरात, ते शक्यच नव्हतं. पण नाट्यपदांच्या चाली तिला डझनावारी येत असत. शब्द अर्धवट, चाल मात्र पक्की. कुठे शिकलीस म्हणून विचारलं, तर म्हणायची, "वरातीत." वरातीत बँडवाले वाजवायचे, ही माडीवरून ऐकायची. म्हणजे तिच्यापुरतं नाट्यसंगीत हे क्लॅरिओनेट आणि कॉर्नेटवर वाजणारं संगीत होतं. नायिका कोण, प्रसंग कुठला, तिला पत्ता नव्हता. तरी एखादं पद वाजायला लागलं की ती म्हणायची, "हे रडायचं आहे." तिला ते कसं कळत होतं, हा आजचा खरा विषय.

आता सीडीकडे. १९९० च्या दशकात निंबस या कंपनीने ती काढली. वाजवणारा ताफा आहे 'द वॉलेस कलेक्शन', ट्रम्पेटवादक जॉन वॉलेस यांनी जमवलेला. नाव मोठं गमतीचं आहे : 'द ओरिजिन ऑफ द स्पीशीज', डार्विनच्या ग्रंथावरून उचललेलं. कोटी अशी की पितळी बँड नावाच्या प्राण्याची उत्पत्ती कुठून झाली ते यात ऐकायला मिळतं. संगीत कुठलं? वेल्समध्ये मर्थर टिडविल नावाचं गाव आहे, तिथल्या कवार्थ्वा लोखंड कारखान्याच्या मालकाने एक बँड पदरी ठेवला होता. त्या बँडच्या हस्तलिखित वह्यांमधून घेतलेलं हे संगीत. (कवार्थ्वा हा वेल्श उच्चार. इंग्रजी स्पेलिंग बघून मी दोन वर्षं 'सायफार्थफा' म्हणत होतो. वेल्श माणसासमोर म्हणू नका.)

हा बँड १८३८ साली उभा राहिला. मालकाचं नाव रॉबर्ट थॉम्प्सन क्रॉशे. त्या काळचं मर्थर म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणा. वेल्समधलं सर्वांत मोठं गाव. रात्री भट्ट्यांच्या उजेडाने आकाश लाल. लोक आजूबाजूच्या खेड्यांतून आणि आयर्लंडमधून कामाला आलेले, दाटीवाटीने राहणारे. पाण्याची सोय नाही, गटारं नाहीत. १८३१ साली इथे मजुरांचा मोठा उठाव झाला होता, सैन्य आणावं लागलं, माणसं मेली. १८४९ साली कॉलऱ्याने एकट्या या गावात हजाराहून जास्त माणसं गेली. आणि वर टेकडीवर क्रॉशे घराण्याचा वाडा, वाडा कसला, किल्लाच, कवार्थ्वा कॅसल. तिथे पार्टीला बँड वाजायचा.

वाजायचं काय? इथे आपल्याकडे एक उत्तम साक्ष आहे. चार्ल्स डिकन्स संपादक असलेलं 'हाउसहोल्ड वर्ड्स' हे साप्ताहिक १८५० साली निघालं, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यात सामान्य लोकांतल्या संगीताबद्दल एक लेख आला. त्यात या कारखान्याच्या बँडचं वर्णन आहे. ऐकलेल्या गोष्टींची यादीच दिली आहे : 'झाम्पा', 'बगदादचा खलिफा', 'फ्रा डियावोलो' यांच्या ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत, 'रोबेर', 'डॉन जोव्हान्नी' आणि 'लुचिया' यांतले समूहगायनाचे भाग, आणि वर भरपूर वॉल्ट्झ, पोल्का.

या यादीतली सालं बघा. 'फ्रा डियावोलो' पॅरिसमध्ये १८३० साली रंगमंचावर आला, 'झाम्पा' आणि मेयरबेअरचा 'रोबेर ल दियाब्ल' १८३१ साली, दोनिझेत्तीचा 'लुचिया दी लामेरमूर' नेपल्समध्ये १८३५ साली. म्हणजे हा त्या काळचा ताजा माल होता. युरोपच्या राजधान्यांत जे गाजत होतं ते पंधरा-वीस वर्षांच्या आत एका डोंगरी वेल्श गावात भट्टीवर काम करणारी माणसं वाजवत होती. गावात ऑपेरा हाउस नव्हतं. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ऑपेरा पाहिला नव्हता. त्यांनी 'लुचिया' ऐकला तो पितळेतून.

आता ही वाद्यं कुठली हे बघावं लागेल, कारण सगळी गंमत तिथे आहे.

आपली तुतारी घ्या. तुतारीला बोटांचं काम नाही. एका लांबीची नळी, फुंकणारा ओठ आवळेल-सैल करेल तसे ठरावीक स्वर निघतात : सा, प, वरचा सा, ग, प असे. खालच्या बाजूला हे स्वर एकमेकांपासून दूर, वर गेलं की जवळजवळ. मधले स्वर नाहीतच. म्हणून तुतारीवर ललकारी होते, पद होत नाही. युरोपातही शेकडो वर्षं ट्रम्पेट आणि हॉर्न यांची हीच स्थिती होती. नाटकात राजा आला, शिकार निघाली, की त्यांना बोलवायचं, एरवी बसवून ठेवायचं. एक ट्रम्बोन तेवढा अपवाद, कारण त्याची नळी हाताने सरकवून लांब-आखूड करता येते.

मग पहिला उपाय निघाला तो बासरीसारखा : नळीला भोकं पाडायची आणि त्यांवर चाव्या बसवायच्या. १८१० साली डब्लिनमधल्या जोसेफ हॅलिडे यांनी चाव्यांच्या ब्यूगलचं पेटंट घेतलं. त्याच धर्तीवर पॅरिसमध्ये खर्जाचं वाद्य तयार झालं, ऑफिक्लाइड. दिसायला उभं सॅक्सोफोनसारखं, वाजवायचं मात्र ट्यूबासारखं ओठांनी. दुसरा उपाय व्हॉल्व्हचा. जर्मनीत श्टोल्झेल आणि ब्लूमेल यांनी १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्ह दाबला की हवा जास्तीच्या नळीतून फिरून जाते, म्हणजे क्षणात वाद्याची लांबी बदलते. तीन व्हॉल्व्ह असले की सगळे बारा स्वर हाताशी. त्यानंतर आडोल्फ साक्स यांनी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये एकाच घडणीची, लहानापासून प्रचंडापर्यंत, सॅक्सहॉर्नची अख्खी फौज काढली. आजच्या बँडमधलं युफोनियम त्याच गोतावळ्यातलं.

कवार्थ्वाचा बँड नेमका या सगळ्याच्या मधोमध सापडतो. चाव्यांची वाद्यं अजून गेली नव्हती, व्हॉल्व्हची आली होती. सॅम्युअल ह्यूज नावाचा ऑफिक्लाइडवादक या बँडमध्ये होता, आणि पुढे लंडनमध्ये त्याचं मोठं नाव झालं. जगातला एक श्रेष्ठ ऑफिक्लाइडवादक काही काळ लोखंडाच्या कारखान्याच्या पगारावर होता, हे ऐकून मला अजून आश्चर्य वाटतं. मात्र यातून एक गोष्ट स्पष्ट होते. 'मजुरांनी फावल्या वेळात उभं केलेला बँड' असं जे रम्य चित्र रंगवलं जातं, ते इथे पुरतं खरं नाही. क्रॉशेने चांगले वादक बाहेरून आणले, त्यांना कारखान्यात काम दिलं, आणि त्यांच्या जोडीला गावातली माणसं शिकवून तयार केली. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या पदरी गवई असत, तसं काहीसं. फरक एवढाच की इथला संस्थानिक लोखंड ओतत होता.

आता वह्या. वेल्श संगीत-इतिहासकार ट्रेव्हर हर्बर्ट यांनी यांवर बरंच काम केलंय. ते स्वतः ट्रम्बोनवादक, त्यामुळे त्यांना नुसता कागद दिसत नाही, वाजवणाऱ्याचा दमही दिसतो. या वह्या म्हणजे एकेका वादकाच्या वह्या आहेत. जुन्या नाटक कंपनीत प्रत्येक नटाला सबंध नाटक देत नसत, फक्त त्याची नक्कल देत, आठवतं? त्याची वाक्यं आणि त्याआधीचे दोन शब्द. तसंच हे. पहिल्या कॉर्नेटच्या वहीत पहिल्या कॉर्नेटचंच. सगळ्या वह्या एकत्र मांडल्या की मग सबंध रचना दिसते. एखादी वही हरवली असेल, तर तेवढं भोक बाकीच्यांकडे बघून बुजवावं लागतं. वॉलेस यांच्या सीडीमागे हे सगळं काम आहे : वह्यांवरून मांडणी परत जुळवणं, आणि मग त्या काळच्या वाद्यांवर ती वाजवणं.

वॉलेस हा माणूसच या कामाला योग्य होता. स्कॉटलंडमधल्या फाइफचा, घरचं वातावरण कागद-गिरणीच्या बँडचं, लहानपणी तिथेच वाजवायला शिकलेला. पुढे लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदात पहिला ट्रम्पेट. म्हणजे गिरणीचा बँड आणि मोठा वाद्यवृंद, दोन्हीकडचं पाणी प्यायलेला.

आता मुख्य प्रश्नाला येऊ. ऑपेरातला एखादा भाग पितळी वाद्यांसाठी बसवायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

(इथे 'लुचिया'मधल्या षट्कगीताची, गायलेली, ध्वनिफीत ऐकवली गेली.)

हे 'लुचिया'च्या दुसऱ्या अंकातलं. सहा पात्रं एकाच वेळी गातात. प्रसंग थोडक्यात असा : लुचियाने भावाच्या दबावाखाली नको असलेल्या लग्नाच्या कागदावर नुकतीच सही केली आहे, आणि तेवढ्यात तिचा प्रियकर एडगार्दो दारात उभा राहतो. सगळे थिजतात. आणि मग सहा जण गायला लागतात. प्रियकर चिडलेला आहे पण तिच्यावरचं प्रेम जात नाही. भावाला पश्चात्ताप होतोय. लुचियाला मरावंसं वाटतंय. नवरदेव, घरचे धर्मगुरू, सखी, प्रत्येकाचं वेगळं. आपल्या नाटकात हे होत नाही. आपल्याकडे एक पात्र गातं, बाकीचे थांबतात. इथे सहा जणांचं मन एकाच मिनिटात उघडं पडतं. बोलून हे करता येणार नाही, गोंधळ होईल. गाऊन येतं.

आणि आता लक्षात घ्या, सहा जण एकदम गातात तेव्हा शब्द कोणाला कळतात? इटालियन येणाऱ्यालासुद्धा कळत नाहीत! म्हणजे खुद्द ऑपेरा हाउसात, तिकीट काढून बसलेल्या माणसालासुद्धा, या जागी शब्दांशिवायच नाटक समजतं. कशावरून? आवाजाच्या जातीवरून, कोण आधी शिरला, कोण कोणाच्या मागे गेला, कोणाचा स्वर वर चढला आणि कोणाचा खाली अडखळला यावरून. 'हाउसहोल्ड वर्ड्स'च्या यादीत समूहगायनाचे भाग मुद्दाम सांगितलेत, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. बँडसाठी निवड करणाऱ्याला कुठे शब्द गेले तरी नाटक जात नाही, हे कळत होतं.

मग वाटणी कशी करायची? ढोबळ मानाने : नायिकेला वरचं कॉर्नेट, नायकाला मधल्या पट्टीचं सॅक्सहॉर्न किंवा युफोनियम, खर्जाला ऑफिक्लाइड. पण खरी अडचण पट्टीची. आपले गायक सांगतात ना, 'माझी काळी चार', तशी या वाद्यांची घरची पट्टी असते. बरीचशी वाद्यं बी फ्लॅटची, म्हणजे काळी पाच, नाहीतर ई फ्लॅटची, म्हणजे काळी दोन. त्या घराजवळ राहिलात तर बोटं सोपी पडतात, सूरही बरा लागतो. म्हणून व्हायोलिनला सोयीच्या पट्टीतली रचना बँडसाठी घेताना अनेकदा अर्धा-एक स्वर सरकवावी लागते.

दुसरी अडचण व्हायोलिनची. ऑपेरात व्हायोलिनं साथीला सतत थरथरतात, किंवा द्रुत तानांसारखं काही वाजवत राहतात. 'फ्रा डियावोलो' किंवा 'झाम्पा'च्या ओव्हर्चरमध्ये तर अशा जागा भरपूर. व्हायोलिनवाल्याला श्वास घ्यायचा नसतो; गज गेला तसा परत येतो. फुंकणाऱ्याला दमसास लागतो. त्याला एकेक स्वर जिभेने तोडावा लागतो, तु-तु-तु-तु. फार जलद झालं की एकटी जीभ पुरत नाही, मग तु-कु-तु-कु असं दुहेरी करावं लागतं. तुम्ही आत्ता मनातल्या मनात करून बघा. (हशा.) काही जण खरंच करताहेत! अर्ध्या मिनिटात जीभ अडकते की नाही? हे ऑफिक्लाइडसारख्या खर्जाच्या वाद्यावर, चाव्या झाकत-उघडत करायचं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. मोझार्टचा 'डॉन जोव्हान्नी' घ्या, १७८७ सालचा. त्यात सबंध ऑपेराभर ट्रम्बोन गप्प असतात. नायकाने ज्या म्हाताऱ्याला मारलं त्याचा दगडी पुतळा बोलायला लागतो, तेव्हाच ते तोंड उघडतात. तोवर ट्रम्बोन हे देवळातलं, परलोकाचं वाद्य. ते वाजलं की अंगावर काटा येतो, कारण इतका वेळ ते वाजलेलं नसतं. आता हाच ऑपेरा पितळी बँडवर आणा. सगळंच पितळ! पहिल्या मिनिटापासून ट्रम्बोन वाजतोय. मग पुतळा आला हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

हे नुकसान खरं आहे, आणि बँडप्रेमी ते लपवतात असं मला वाटतं. त्यावर हुशार मांडणीकाराचा उपाय एकच असतो : पितळेच्या आतच रंग शोधायचे. नळी शेवटपर्यंत सारख्या जाडीची असेल तर आवाज धारदार, चकचकीत निघतो, जसा ट्रम्पेट, ट्रम्बोनचा. हळूहळू रुंद होत गेलेली असेल तर गोल, मऊ, गळ्यासारखा, जसा सॅक्सहॉर्न, ऑफिक्लाइडचा. म्हणजे 'सगळं पितळ' म्हटलं तरी आत दोन घराणी आहेत. मऊ घराण्याकडून माणसांचं गाणं म्हणवायचं आणि धारदार घराण्याला राखून ठेवायचं. आणि राखून ठेवायचं म्हणजे खरंच गप्प बसवायचं. बँडमास्तरला हे फार जड जातं, मंडळी. पगार देऊन ठेवलेला माणूस नुसता बसलेला मालकाला आवडत नाही.

सीडीवर जुनी वाद्यं वापरल्याचा मोठा फायदा इथे कळतो. आजच्या बँडची वाद्यं एकजीव होण्यासाठी घडवलेली असतात. दहा जण वाजवतात आणि एक गुळगुळीत आवाज येतो. चाव्यांच्या ब्यूगलचं तसं नाही. भोक कुठलं उघडलं त्यावर प्रत्येक स्वराचा पोत थोडा बदलतो. एक स्वर खुला, पुढचा जरा नाकातला. तंत्राच्या दृष्टीने हा दोष. पण गाणाऱ्याच्या गळ्यातही प्रत्येक स्वर सारखा नसतोच! 'आ'कार वेगळा, 'ई'कार वेगळा. म्हणून त्या जुन्या वाद्यावर वाजलेलं पद मला जास्त गायकी अंगाचं वाटतं. हे माझं मत; काही जाणकार मित्रांना हा निव्वळ बेसूरपणा वाटतो, आणि त्यांच्याशी माझं भांडण चालू आहे.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं बोलतो. ऑफिक्लाइड आणि सॅक्सहॉर्न यांची तोंडं वर आभाळाकडे, ट्रम्पेट आणि ट्रम्बोनची समोर. त्यामुळे समोर माइक ठेवला तर ट्रम्बोन थेट अंगावर येतो, ऑफिक्लाइड मात्र आधी छताला जाऊन मग खाली येतं. प्रत्येकाला वेगळा माइक लावून नंतर हवं तसं मिसळता येतं, पण मग ते वादक एका खोलीत बसलेत असं वाटत नाही. निंबस कंपनीचा आग्रह नेहमी उलटा असायचा : एकाच जागी माइक ठेवायचे आणि तोल वादकांनी स्वतः सांभाळायचा. कोण जोरात, कोण हळू, कोण पुढे बसणार, सगळं खोलीतच ठरवायचं. कवार्थ्वाच्या दिवाणखान्यातही ते तसंच ठरत असणार.

आणि ओठांचं काय? गायक टेक बिघडला तर पुन्हा गातो. पितळी वादकाचे ओठ हेच त्याचं स्वरयंत्र. तेच अवघड वाक्य सात-आठ वेळा घेतलं की ओठ सुजतात, वरचे स्वर निसटतात, आणि मग कितीही पैसे दिलेत तरी त्या दिवशी ते परत येत नाहीत. वाद्य तापलं की सूरही चढतो. म्हणून अशा रेकॉर्डिंगमध्ये कठीण ते सकाळी, पोल्का दुपारी, असा साधा हिशेब असतो.

जाता जाता एक उलटी गोष्ट. १९२५ च्या आधी, माइक यायच्या आधी, रेकॉर्डिंग भोंग्यात होत असे. भोंग्याला पितळी वाद्यं फार प्रिय. व्हायोलिनं, त्याहून जास्त डबल बास, त्यात उमटतच नसत. म्हणून मोठमोठ्या ऑपेरागायकांच्या त्या काळच्या तबकड्यांवर खर्जाचं काम ट्यूबाकडे दिलेलं ऐकू येतं. म्हणजे ज्या लोकांना वाटत होतं की आपण घरी बसून अस्सल ऑपेरा ऐकतोय, त्यांच्याही कानावर अर्धा बँडच पडत होता!

आपल्याकडचा धागाही सांगून टाकतो, तो खरोखरचा आहे म्हणून. मुंबईत एकोणिसाव्या शतकात इटालियन ऑपेरा कंपन्या येत असत. अशा एका कंपनीच्या सहवासात आलेले गोव्याचे लुकाझिन रिबेरो यांनी १८९२ साली मुंबईत 'इटालियन भुरगो' हा कोंकणी खेळ केला. तियात्राची सुरुवात तिथून धरतात. आणि तियात्रात आजही कांतारांना साथ असते ट्रम्पेट, सॅक्सोफोनची. इटलीचा ऑपेरा वेल्समध्ये पितळी होऊन पोचला, तसा तो इकडेही पितळेचा हात धरून आला. माझी आजी ज्या बँडवाल्यांकडून पदं शिकली, त्यांच्या हातातली वाद्यं याच गोतावळ्यातली होती.

बरं, प्रश्न घेऊ. पाचच मिनिटं आहेत.

श्रोता : तुम्ही म्हणालात मालक मजुरांची पिळवणूक करत होता. मग हे संगीत ऐकताना तुम्हाला त्रास होत नाही का?

होतो. आणि होऊ नये असंही मला वाटत नाही. क्रॉशे हा साधा माणूस नव्हता. बँडवर त्याने मनापासून पैसे खर्च केले, आणि १८७० च्या दशकात मजुरांच्या संघटनेपुढे नमायचं नाही म्हणून भट्ट्या बंद ठेवून हजारो घरांची चूलही थांबवली. १८७९ साली तो वारला. त्याच्या कबरीवर एक भलीमोठी शिळा आहे, आणि तिच्यावर देवाकडे क्षमा मागणारे मोजके तीन शब्द आहेत. नेमकी कशाची क्षमा, ते लिहिलेलं नाही. पण वाजवणारा माणूस मालक नव्हता. दिवसभर भट्टीपाशी उभं राहून संध्याकाळी 'लुचिया'च्या नायिकेची ओळ कॉर्नेटवर वाजवणारा जो कोणी होता, त्याचा दम त्याचा स्वतःचा होता. मालकाने वाद्य विकत घेतलं होतं, श्वास नाही. मी ऐकतो ते त्याला.

श्रोती : मागच्या वेळचा प्रश्न माझाच होता. तर नाटक शिल्लक राहतं, असं तुमचं उत्तर समजायचं का?

अर्धं. पुतळ्याच्या प्रसंगात बरंच जातं, षट्कात फारसं जात नाही. एका पात्राच्या गाण्यात, जिथे सगळी धार एखाद्या शब्दावर असते, तिथे जवळजवळ सगळं जातं. आजीला 'हे रडायचं' एवढं कळायचं; कोण रडतंय आणि कशासाठी, ते नाही कळायचं. ते कळायला थिएटरातच जावं लागतं, आणि तिला कोणी नेलं नाही.

श्रोता : सुरुवात कुठून करावी ऐकायला?

आधी 'लुचिया'चं षट्क गायलेलं ऐका, दोन-तीन वेगवेगळ्या संचांतलं. प्रत्येक वेळी एकाच पात्राच्या मागे जा. मग कुठल्याही चांगल्या पितळी ताफ्याचा 'लुचिया' मिळवा आणि तेच पात्र शोधा, कुठल्या वाद्यात लपलंय ते. त्यानंतर कवार्थ्वाची सीडी. तिच्यात जोसेफ पॅरी यांचं 'टिडविल ओव्हर्चर'ही आहे. पॅरी मर्थरचेच, लहानपणी खाणीत आणि लोखंडाच्या कामावर गेलेले. ते ओव्हर्चर कुठल्याच ऑपेराचं नाही, थेट बँडसाठीच लिहिलेलं आहे, आणि तरी त्याच्या आधी पडदा असावा असं सतत वाटत राहतं. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ऑफिक्लाइड ऐकूच येत नाही.

पुढच्या महिन्यात 'रिगोलेत्तो'. त्यात बँड रंगमंचाच्या मागे वाजतो, आणि ती निराळी भानगड आहे.